नागिणीचा विषाणू चेतापेशीचा सांगाडा मोडतो की वापरतो?

कमाटीबाग
आपल्या बडोद्याच्या मंडळींत सध्या एक लेख कौतुकाने फिरतो आहे. नागिणीचा विषाणू चेतापेशीतील सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनांच्या बारीक नळ्या, कुरतडून पेशीचा सांगाडा मोडून टाकतो, म्हणूनच फोड वाळल्यावरही आग होत राहते, असे त्यात ठासून सांगितले आहे आणि शेवटी ‘सांगाडा भरून काढणाऱ्या’ गोळ्यांची शिफारसही आहे. हे वाचून गप्प बसवेना.

विषाणू मज्जातंतूच्या टोकात शिरतो तेव्हा पेशीचे केंद्रक त्याच्यापासून पुष्कळ दूर, मणक्याजवळच्या गुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, असते. सुमारे १२५ नॅनोमीटर व्यासाची त्याची कुपी, म्हणजे डीएनए सांभाळणारे प्रथिनांचे कवच, नुसती तरंगत निघाली, तर एक सेंटिमीटर कापायला तिला दोनशेहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब मांडलेला आहे. प्रत्यक्षात ती डायनीन या चालक प्रथिनाला धरून सूक्ष्मनलिकांवरून जाते. सेकंदाला एक मायक्रॉन वेग धरला, तरी दिवसाला आठ-नऊ सेंटिमीटर होतात. रूळ उखडून डभोईची छोटी गाडी चालत नसते. १९८६ साली उंदरांच्या चेतापेशींत नोकोडॅझोल घालून सूक्ष्मनलिका विस्कटून पाहिल्या, तेव्हा विषाणूची वाहतूकच अडली. मग तो स्वतः त्या का मोडेल?

रावपुऱ्याचा वाडा
आपला आवेश मोठा आहे, पुरावा मात्र निवडक आहे. यूएस-३ हे विषाणूचे प्रथिन सांगाड्यातलेच, ॲक्टिन या प्रथिनाचे ताणतंतू विरघळवते आणि पेशीला लांब फाटे फोडते. आयसीपी-० या विषाणूच्याच दुसऱ्या प्रथिनामुळे सूक्ष्मनलिका विस्कटल्याचेही दिसले आहे. हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. शिवाय आपण बोलता नागिणीबद्दल आणि दाखले देता त्याच कुळातल्या, ओठांवर पुळ्या आणणाऱ्या हर्पिसचे. नागिणीचा विषाणू माणसाखेरीज इतर प्राण्यांत धड वाढत नाही, त्यामुळे त्याची माहिती तुलनेने तोकडी आहे, एवढे तरी लिहायचे होते.

कमाटीबाग
लिहितो. पण आपण सांगता त्या गोष्टी मुख्यतः कोणत्या पेशींत दिसल्या? माकडाच्या मूत्रपिंडाच्या आणि तशाच इतर पेशींत! त्या पेशीला चेतापेशीसारखा हातभर लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, नसतो. तिथे सगळे मोडून शेजारच्या पेशीत घुसणे परवडते. चेतापेशीत तसे केले, तर विषाणूचाच परतीचा मार्ग बंद होईल. २०२१ साली तर असे दिसले की ओठांवरच्या हर्पिसचा विषाणू त्वचेच्या पेशीतील किनेसिन हे चालक प्रथिन बरोबर घेऊन चेतापेशीत शिरतो आणि शेवटच्या टप्प्यात, केंद्रकापर्यंत पोहोचायला, तेच वापरतो. एवढी तजवीज करणारा मार्ग उखडत बसेल काय?

दांडिया बाजारची सून
आपले किनेसिन आपल्याजवळ ठेवा. आमच्या सासूबाईंना नागीण झाली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस संपतो, म्हणून आधी गेरूचा लेप लावायचा. त्यात दिवस गेले. डॉक्टरांकडे नेले तेव्हा ते म्हणाले की विषाणूवरची औषधे पहिल्या बहात्तर तासांत सुरू व्हायला हवी होती. आज त्यांना पदराचा स्पर्शही सोसत नाही. सांगाडा मोडला की नाही, हे मला सांगू नका.

जुना बडोदेकर
वहिनी, राग समजतो, पण गेरूला नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्या आजीची नागीण गेरूनेच बरी झाली होती.

दांडिया बाजारची सून
अण्णा, फोड आपोआपही वाळतात. त्याचे श्रेय गेरूला देऊन आपण आणखी एखाद्याच्या सासूबाईंचे बहात्तर तास घालवणार आहात.

कमाटीबाग
वहिनींचे बरोबर आहे. विळखा पूर्ण होत नाही, याचे कारणही त्या मार्गातच आहे. विषाणू ज्या गुच्छिकेत दडलेला असतो, तिच्याच तंतूंतून तो त्वचेकडे उतरतो आणि ते तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातात. म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. त्यात गेरूचा हात नाही.

जुना बडोदेकर
आजीला मध्यरेषा ठाऊक नव्हती, तरी ती नव्वदी पार करून गेली. पन्नाशीनंतर लस घ्या म्हणता, तिच्या दोन मात्रांचा खर्च निवृत्तिवेतनात कसा बसवायचा, तेही एकदा सांगा.

कमाटीबाग
लस घ्या असे मी इथे एका अक्षराने म्हटलेले नाही. खर्चाचे मात्र आपण खरे बोललात.

रावपुऱ्याचा वाडा
गेरू आटोपला असेल, तर मूळ मुद्द्यावर येतो. चेतापेशीतलाच पुरावा हवा होता ना? २०१२ साली ओठांवरच्या हर्पिसच्या आणि त्याच कुळातल्या, डुकरांना होणाऱ्या स्यूडोरेबीजच्या विषाणूने बाधित चेतापेशी पाहिल्या, तेव्हा त्यांच्या अक्षतंतूंतील मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांची, ये-जा खुंटलेली आढळली. पेशीत कॅल्शियम वाढते आणि मायटोकाँड्रियांना ओढणारे किनेसिन त्यांच्यापाशी कमी जमते. विषाणूचा माल चालू, पेशीचा स्वतःचा माल ठप्प! याला आपण ‘नुसता वापर’ म्हणणार असाल, तर आपल्या उदारपणाला नमस्कार.

कमाटीबाग
हे मान्य करावे लागेल, जरी आपण ते पहिल्याच उत्तरात सांगू शकला असता. मात्र यातही सूक्ष्मनलिका उभ्याच आहेत. बिघडली आहे ती त्यांच्यावरची वाहतूक. मागाहून राहणाऱ्या वेदनेचा संबंध तर गुच्छिकेतील दाहाशी, मेलेल्या चेतापेशींशी आणि मज्जारज्जूतील बदलांशी आहे. त्या गोळ्या यातले काहीच भरून काढणार नाहीत.

रावपुऱ्याचा वाडा
गोळ्यांचे समर्थन मी केव्हा केले?

जुना बडोदेकर
मग सूक्ष्मनलिका मोडणारे औषधच का देत नाहीत? विषाणू वाटेतच अडकेल.

कमाटीबाग
अण्णा, सूक्ष्मनलिकांवर घाव घालणारे व्हिन्क्रिस्टिन कर्करोगात देतात आणि त्याने हातापायांच्या नसा बधिर होतात, दुखतात. नागिणीवरचे एसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखते आणि चेतापेशीच्या सांगाड्याला हात लावत नाही, म्हणून ते देता येते. दडून बसलेल्या विषाणूवर मात्र तेही चालत नाही.