कोर्लई म्हणजे 'ज्वालामुखीचं तोंड'? अहो, काहीही!

काळापाषाण: परवाच्या पोस्टीत ठोकून दिलंय की रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई किल्ल्याचा डोंगर विझलेला ज्वालामुखी, आणि गडावर उभे राहता ते त्याच्या तोंडावर. कुठलं तोंड? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. बाजूचं झिजून गेलं, कुंडलिका नदीच्या मुखाशी ही सोंड उरली. मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीला थर चिरत गेलेले डाइक, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती, दिसतात, ते बघा आधी.

पडाव: दगडाचं बोलून झालं. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा डोंगर घेतला, आणि गावात 'नौ लिंग' ही पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलतात, त्यावर एक ओळ नाही. असो. तटबंदीच्या दरजा (दगडांमधल्या फटी) सिमेंटने भरून टाका, निदान पडणार तरी नाही.

चुनाघाणी: सिमेंट?! पाणी वरून तटाच्या पोटातल्या भरावात मुरतं. चुन्याच्या दरजेतून ते बाहेर पडतं, सिमेंटने वाट बुजते. मग तट फुगतो आणि एका पावसाळ्यात कोसळतो.

काळापाषाण: क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटतात, हेही सांगाल आता. ते जांभ्याला लागू. घट्ट बेसाल्ट पाणी पितो किती?

चुनाघाणी: मी दगडाचं बोललोच नाही, भरावाचं बोललो. वाचा परत.

पडाव: बरं, चुना. पण पावसात धुऊन जातो त्याचं काय?

चुनाघाणी: मे महिन्यात भरलात तर जाणारच. पाऊस सरल्यावर काम धरा. कळीचा चुना विरवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. एक भाग चुना, एक वाळू, एक सुरखी (विटांची भुकटी). वाळू खाडीची नको, मिठाने पांढरं फुटतं. चुन्यात गूळ घालतात, तो जास्त झाला की घट्ट व्हायला उशीर आणि मुंग्यांची चंगळ. दरज आधी खरवडून ओली करा. नंतर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट.

पडाव: आणि तटात उगवलेला पिंपळ? उपटून काढायचा ना?

चुनाघाणी: उपटलात तर मुळाबरोबर चार चिरे येतील. खोड कापा, ताज्या कापावर लगेच झाड मारायचं औषध लावा. मूळ आतच मरू द्या, वाळल्यावर पोकळीत पातळ चुना ओता. नुसतं छाटलं तर पुढच्या पावसात दुप्पट फुटवे.

काळापाषाण: भरावाचा मुद्दा मान्य. धागा लाव्ह्याचा होता, एवढं फक्त लक्षात असू द्या, चुनेवाले.

पडाव: नौ लिंगचं राहिलंच.