सायकल अपघातांचा नकाशा: नुसते ठिपके मांडून काय उपयोग?

टेम्सकाठची: शनिवारी आमच्या लंडनमधल्या साउथवर्कमध्ये सायकल सुरक्षेवर हॅकेथॉन आहे, म्हणजे जमून एका दिवसात डेटातून काहीतरी बनवायचं. डेटा म्हणजे ब्रिटिश परिवहन खात्याचा स्टॅट्स19, रस्ते अपघातांच्या पोलीस नोंदी. अपघात, वाहनं आणि जखमी अशा तीन वेगळ्या फायली, अपघात क्रमांकावरून जोडायच्या. जोडल्या, जखमींतून सायकलस्वार गाळून घेतले, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटमॅप केला, म्हणजे जिथे अपघात जास्त तिथे रंग गडद. मध्य लंडन लालभडक! जिथे सायकलवाले जास्त तिथे अपघात जास्त, हे सांगायला नकाशा कशाला हवा? एका दिवसात यातून कामाचं काही निघेल का?

नकाशेवाला: हीटमॅप आधी पुसा. तुम्हाला भाजक हवाय, म्हणजे त्या रस्त्यावरून किती सायकली जातात तो आकडा, अपघातांना भागायला. खात्याच्याच वाहतूक मोजणीत सायकली वेगळ्या मोजतात. मोजणीची ठिकाणं मोजकी आहेत, तेव्हा तेवढ्याच रस्त्यांवर बोला, अख्ख्या शहरावर नको. आणि सगळी वर्षं एकत्र कालवू नका. तुमच्याच भागातला एलिफंट अँड कॅसलचा चौक घ्या. तिथलं उत्तरेकडचं गोल सर्कल 2015-16 मध्ये मोडून रस्त्याची रचनाच बदलली. जुने ठिपके ज्या चौकाचे, तो चौक आता नाही! शिवाय 2016 मध्ये लंडन पोलिसांची नोंदीची पद्धत बदलली, जखमेचा प्रकार टाकला की गंभीर की किरकोळ ते ठरतं. त्यामुळे 'गंभीर' एकदम वाढलेले दिसतील. कुणीतरी त्यावरून आरडाओरडा करणारच, आधीच सांगून ठेवा.

मुठाकाठी: पुण्यात बसून हे वाचताना जळफळाट होतोय, खरं सांगतो. केंद्राच्या वार्षिक अहवालात मेलेल्या सायकलस्वारांच्या राज्यवार बेरजा मिळतात, चौक मिळत नाही. आयआरॅड या सरकारी ॲपमध्ये पोलीस अपघातांच्या नोंदी भरतात, पण त्या तुमच्याआमच्यासाठी खुल्या नाहीत. ताई, एक लक्षात ठेवा: स्टॅट्स19 मध्ये फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले आणि कुणीतरी जखमी झालेले अपघात असतात. उभ्या गाडीचं दार धाडकन उघडलं आणि तुम्ही थोडक्यात वाचलात, ते कुठेच नाही. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने 2019 मध्ये सायकल सुविधांची यादी खुली केली, ती तुमच्या नकाशावर टाकून बघा.

टेम्सकाठची: मग ओल्ड केंट रोड एवढाच घेते, वर्षवार. थोडक्यात वाचल्याचे प्रसंग आलेल्यांकडूनच कागदी नकाशावर टाचण्या टोचून घेऊ, वेगळ्या रंगात. लंडनमध्ये कुणी क्यूजीआयएस येणारं मोकळं असेल तर या. पिझ्झा आयोजकांकडून आहे.