पॅरालिसिसचा पेशंट मेडिकल कॉलेजमधून घरी आणला, आता पुढचं गावात कोण बघणार?

माळरान_७२:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या आण्णांना (वडील, वय ६८) पॅरालिसिसचा झटका आला. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, सिव्हिलमधून १०८ ने मेडिकल कॉलेज असं करत करत पोचलो. जीव वाचला, डॉक्टरांनी खूप केलं. आता घरी आणलंय, उजवा हात अजून उचलत नाही, बीपीच्या दोन, शुगरची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करायची अशा पाच गोळ्या चालू. कार्डावर दर महिन्याला दाखवायला या असं लिहिलंय पण कॉलेज सव्वाशे किलोमीटर लांब, गाडी करून न्यायचं म्हणजे आमचा महिनाच कोलमडतो. आणि गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलो तर तिथं कुणालाच माहीत नाही की आण्णांना झटका आलाय! सगळं सरकारीच ना? मग एकाचं दुसऱ्याला कळत का नाही? गोळ्या गावात मिळतात का?

उपकेंद्रवाली:
दादा, आधी एक सांगते, गोळ्या एक दिवसही बंद करू नका, दुसरा झटका येतो तो बऱ्याचदा बीपीची गोळी सुटल्यावर. मी उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून आशाताईंकडे द्या आणि एनसीडी पोर्टलवर (बीपी, शुगरसारख्या आजारांची सरकारी ऑनलाइन नोंद) आण्णांचं नाव आहे का विचारा, ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तिथं नोंद करायची असते. नवीन औषध मी माझ्या मनानं सुरू करू शकत नाही, पण पीएचसीच्या डॉक्टरांनी एकदा कार्ड बघून लिहून दिलं की पुढे दर महिन्याची गोळी उपकेंद्रातच देता येते. बीपीची अॅम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन सहसा असतात. रक्त पातळ करायची गोळी तिथं मिळाली नाही तर जनऔषधीतून घ्या, स्वस्त पडते, फक्त नाव आणि एमजी कार्डाशी ताडून बघा, कारण रंग बदलला की घरची माणसं वेगळी गोळी समजून बाजूला ठेवतात, हे मी फार बघितलंय. काही शंका असली तर ई-संजीवनीवरून (सरकारी व्हिडिओ कॉल सेवा) उपकेंद्रातूनच मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देता येतं.

जुना_एमओ:
"एकाचं दुसऱ्याला कळत का नाही" याचं उत्तर देतो, कारण मी पीएचसीत नोकरी केलीये. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेची, साहेब डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी). ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि सिव्हिल हे सिव्हिल सर्जनच्या हाताखाली. मेडिकल कॉलेज तर खातंच वेगळं, वैद्यकीय शिक्षण. तीन घरं, तीन रजिस्टरं. पेशंट वर पाठवला की आम्ही "रेफर" लिहायचो आणि तिथं आमचा संबंध संपायचा, तो बरा झाला का वारला हे गावात बातमी आली तरच कळायचं. मला याचा कायम त्रास व्हायचा. बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. टीबीचा पेशंट पुण्याहून साताऱ्याला आला तर निक्षयवर (टीबीच्या सरकारी पोर्टलवर) त्याची नोंद त्याच्या मागोमाग ट्रान्सफर होते आणि इथला आरोग्य कर्मचारी त्याच्या घरी जातो. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघून येते, आणि त्या कामाचे तिला पैसे मिळतात. म्हणजे कुणी जायचं, कधी जायचं आणि मोबदला काय हे ठरवलं की काम होतं. झटका येऊन घरी आलेल्या माणसासाठी हे कुणी ठरवलेलंच नाही. आशाताईंवर आणखी एक काम फुकट टाकू नका मात्र, त्या आधीच थकल्यात.

कोरडवाहू:
आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) काढलंय का? १४ आकडी नंबर असतो. पण नुसता काढून उपयोग नाही, केसपेपर काढतानाच तो जोडायला सांगायचा, नाहीतर रिपोर्ट त्यात दिसत नाहीत.

माळरान_७२:
सगळ्यांचे खूप आभार. आज झेरॉक्स घेऊन गेलो होतो, डॉक्टर मॅडमनी पूर्ण कार्ड नीट वाचलं, पोर्टलवर नाव टाकलं. पाचपैकी तीन गोळ्या तिथंच मिळाल्या. आता हाताच्या व्यायामाचं काय? फिजिओ गावात नाही.

उपकेंद्रवाली:
सिव्हिलला फिजिओथेरपी विभाग असतो, एकदा आण्णांना नेऊन घरी करायचे व्यायाम शिकून या, जो रोज करून घेणार आहे त्यालाच सोबत न्या आणि मोबाईलवर व्हिडिओ करू द्या म्हणून विचारा. पहिल्या काही महिन्यांत जितकं कराल तितका हात सुटतो, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.