पुरंदरमधल्या वाडीसाठी दुष्काळातही टिकेल अशी पाणी योजना कशी आखायची?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. मी राहायला हडपसरला पण मूळ वाडी पुरंदर तालुक्यात, साठेक घरं, तीनशेच्या आसपास माणसं. एकच सार्वजनिक विहीर आहे, मार्च संपला की मोटर वीस मिनिटं चालते आणि हवा ओढायला लागते, मग रात्रभर झिरपलेलं गुडघाभर पाणी सकाळी परत उपसायचं. मे महिन्यात टँकर येतो तो पण विहिरीतच ओततात, ज्याला पोहरा ओढायला जमतं त्याला पाणी, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? ग्रामसभेत आता दोन मतं पडलीयेत, काही जण म्हणतात सहाशे फुटी बोअर मारू, काही म्हणतात मोठी टाकी बांधून घरोघर नळ देऊ. सुरुवात नक्की कुठून करायची?

कातळवाट:
दादा बोअरची घाई अजिबात करू नका. आपला सगळा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या (मऊ, भोकं असलेल्या) खडकात आणि भेगांत. खाली काळा पाषाण लागला की बहुतेक वेळा नुसती धूळ उडते, आणि पाणी लागलंच तरी ते भेगांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं असतं, त्यात भर फार हळू पडते, त्यामुळे दोन-तीन उन्हाळ्यांत बोअर आटतो. आणि टाकी कितीही मोठी बांधा, झऱ्यात नाही ते नळात कुठून येणार.

आधी विहीर मोजा. दर आठवड्याला टेप सोडून पातळी वहीत लिहायची, एप्रिल-मेमध्ये उपसा चाचणी घ्यायची, म्हणजे मोटर बंद केल्यावर किती तासांत किती पाणी परत भरतं ते बघायचं. जानेवारीत घेतलेल्या चाचणीवर योजना आखली तर उन्हाळ्यात नळ कोरडेच राहणार, हे मी जीव तोडून सांगतोय कारण असं होताना खूप बघितलंय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, ग्रामपंचायतीचं पत्र देऊन भूवैज्ञानिक मागवा. अजून एक, सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. आजूबाजूला उसाला बोअर चालू असतील तर तो विषय ग्रामसभेत काढाच, अवघड आहे पण काढा.

ओंजळ:
मी थोडा हिशोब मांडते. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ३०० माणसांना रोज १६,५०० लिटर, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंतच्या १२० दिवसांना जवळजवळ २० लाख लिटर. एवढं एका विहिरीवर वाईट वर्षात निघणं कठीणच. पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं काढा, माणशी १० लिटर धरा, पाच जणांच्या घराला १२० दिवसांना फक्त ६,००० लिटर लागतात. आता छत बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटरचं पत्र्याचं छत आणि समजा नुसता ३०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेला तरी १२,००० लिटर हातात येतात. म्हणजे दुष्काळातही घरची टाकी भरते! सरासरी पावसावर काही आखूच नका, आठवणीतलं सगळ्यात वाईट वर्ष धरा. मग विहिरीवर भार राहतो तो धुणं, आंघोळ आणि जनावरांचा.

माळावरचा:
ताई हे फार कामाचं आहे, पिण्याचं वेगळं करायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पुरंदर उपसा योजनेच्या पाण्याने शेततळं भरून ते नळाला जोडा असं काही जण म्हणतायत, ते चालेल का? आणि टाकी कसली घ्यावी?

कातळवाट:
ते पाणी मुळा-मुठेचं आहे, पुण्याचं सांडपाणी त्यात येतं, शेतीला ठीक पण नुसती तुरटी-क्लोरीन टाकून प्यायला देऊ नका. विहिरीच्या वरच्या अंगाला या पाण्याचं शेततळं असेल तर विहिरीच्या पाण्याची नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणी पण करून घ्या. पाझर वाढवायला ओढ्यावर बंधारा घालायचा तर जागा भूवैज्ञानिकाला विचारूनच ठरवा, जिथं खाली सलग पाषाण आहे तिथं पाणी नुसतं साचतं आणि उन्हानं उडून जातं. हिवरे बाजारला बंधारे झालेच, पण शेतीसाठी बोअरवर बंदी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, यानं ते टिकलं. आणि वीजबिलाचं आत्ताच ठरवा, थकलं की कनेक्शन तुटतं आणि चांगली योजना बंद पडते, घरटी पाणीपट्टी किती ते मोटर घ्यायच्या आधी लिहून काढा.

ओंजळ:
टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा केलेली करा, गावातला गवंडी शिकून घेतो आणि चीर गेली तर तोच बुजवतो. झाकण घट्ट हवं, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं, ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी लावा. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यातच येते, त्यासाठी पाइपला खाली उघडता येईल असं तोंड ठेवा. सगळी साठ घरं एकदम नका घेऊ, जिथं म्हातारी माणसं एकटी राहतात त्या घरांपासून सुरू करा.