मदत हवी आहे: ई. कोलायमध्ये बनवलेल्या एचएमजीबी१ मधलं एंडोटॉक्सिन कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

मानवी एचएमजीबी१ हे प्रोटीन मी ई. कोलाय जिवाणूच्या बीएल२१ या वाणात बनवतेय. निकेल कॉलमने शुद्ध केल्यावर जेलवर बँड एकदम स्वच्छ. पण टीएचपी-१ या मानवी रोगप्रतिकारक पेशींवर घातलं की टीएनएफ अल्फा (दाह वाढवणारा संदेश-रेणू) भरमसाट वाढतो, आणि ९५ अंशांवर तापवलेला नमुनाही तेवढाच वाढवतो! उष्णतेने प्रोटीन निकामी होतं, एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विषारी द्रव्य, म्हणजेच एलपीएस) सहजासहजी नाही; म्हणजे हा सगळा जोर जिवाणूच्या एलपीएसचाच दिसतोय. एचएसपी७० या दुसऱ्या प्रोटीनच्या बाबतीतही हाच घोळ झाला होता, जुन्याजाणत्यांना आठवत असेल.

ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने आधी बर्फावर, मग ३७ अंशांवर ठेवून एलपीएस वेगळं करण्याचा विचार आहे. पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला पकडणारा धनभारित रेणू) कॉलम नको वाटतो. या प्रोटीनची शेपटी इतकी ऋणभारित आहे की तेच चिकटून बसायचं. कुणी प्रत्यक्ष केलंय का? किती फेऱ्या लागल्या? उरलेलं ट्रायटन कसं काढलंत? आणि मुख्य म्हणजे सिस्टीन २३ आणि ४५ मधला डायसल्फाइड बंध टिकला का? तो तुटला तर टीएलआर४ या पेशीवरच्या रिसेप्टरवरचं या प्रोटीनचं काम संपलंच.

'सरळ एचईके२९३ या मानवी पेशींमध्ये बनव' हा सल्ला मलाही पटतो, पण लॅबच्या बजेटला पटत नाही. तेवढा सोडून सांगा.