ऑनलाइन दलालाकडून नवी गाडी: एवढी सूट कशी काय?

हिशेबी: शोरूमवाला फार तर मॅट्स आणि सीटकव्हर द्यायला तयार होतो, आणि ऑनलाइन दलाल त्याच मॉडेलवर घसघशीत सूट दाखवतोय. गाडी अधिकृत डीलरचीच, म्हणतो. यात गोम काय?

माजी_सेल्समन: गोम असतेच असं नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसलोय, म्हणून सांगतो. कंपनी डीलरला टार्गेट देते आणि ते गाठलं की बोनस. तिमाही संपत आली आणि दोन-चार गाड्या कमी पडल्या, की तेवढ्या तोटा सोसून विकल्या तरी परवडतं. दलालाकडे गिऱ्हाईक तयारच असतं. त्याचं कमिशन बहुधा डीलर देतो. मात्र एक विचारा: गाडीची पहिली नोंदणी तुमच्याच नावावर होणार ना? टार्गेट भरायला काही डीलर गाडी स्वतःच्याच नावावर चढवून ठेवतात. मीटरवर जेमतेम किलोमीटर, सीटवरचं प्लॅस्टिकही तसंच. पण कागदोपत्री तुम्ही दुसरे मालक, आणि वॉरंटी आधीच सुरू झालेली.

सावध_गिऱ्हाईक: पैसे दलालाच्या खात्यात अजिबात भरू नका. थेट डीलरला द्या, आणि पूर्ण रक्कम भरण्याआधी चासी नंबर (त्या गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) लेखी घ्या.

हिशेबी: विचारलं. नोंदणी माझ्याच नावावर, पण सूट त्यांच्याकडून कर्ज घेतलं तरच!

माजी_सेल्समन: हां, आता कळलं. सूट कर्जातून भरून काढत असतील. व्याज, प्रोसेसिंग फी धरून एकूण आकडा मांडा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही विचारा.

हिशेबी: चासी नंबरही मागतो. देतो का बघू.