मदत हवी आहे: हॉलचा क्रीम रंग पिवळाधमक दिसतोय, दुसरा हात थांबवू का?

कडक_भाकरी
हॉलला क्रीम लावलाय, एक हात झालाय. शेड कार्डावर मऊ, छान वाटला होता. भिंतीवर पिवळाधमक! पेंटर म्हणतोय, "दुसरा हात मारला की बसतंय बघा." सासूबाई म्हणतायत, पांढराच बरा होता. रविवारी पाहुणे येणार आहेत आणि दुसरा हात परवा सुरू होतोय. मारू देऊ की थांबवू? प्लीज लवकर सांगा. "तुम्हाला आवडेल तो रंग लावा" छापाची उत्तरं नकोत.

होटगीरोडवाला
शेड नंबर? इमल्शन की डिस्टेंपर? खाली लांबी (पुट्टी) नवीन भरलीय की जुन्याच रंगावर मारलाय? फोटो टाका.

कडक_भाकरी
क्रीम म्हणजे क्रीम हो, साधा. इमल्शन आहे. फोटोत नीट येतच नाही, फोनमध्ये चक्क पांढरा दिसतोय.

होटगीरोडवाला
ताई, साधा क्रीम नावाची गोष्ट नसते. एकाच कार्डात क्रीमच्या जवळपासच्या शेड ढीगभर. एकीत पिवळा ऑक्साइड जास्त, दुसरीत लालसर झाक, तिसरीत थेंबभर काळा. ही तिसरी दुकानात मळकी वाटते म्हणून कोणी घेत नाही, भिंतीवर मात्र तीच शांत दिसते. नंबर डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरवर असेल, बघून सांगा.
फोटोचं म्हणाल तर फोन आपल्या मनाने पिवळेपणा काढून टाकतो. भिंतीला एक कोरा कागद चिकटवा आणि कागद-भिंत दोन्ही येतील असा फोटो काढा. मग कळेल किती पिवळा आहे ते.

वास्तुमित्र
हॉल कोणत्या दिशेला आहे? वास्तुशास्त्राप्रमाणे रंग दिशेवरून ठरवावा. मी याच विषयावर स्वतंत्र धागा काढला होता, जरूर वाचा.

पेठेतला
ही सगळी प्लास्टिक रंगाची नाटकं. आमच्या साखर पेठेतल्या घरात गड्ड्याच्या जत्रेआधी चुना व्हायचा. भिजवलेला चुना, चिमूटभर पिवडी म्हणजे पिवळी माती, थोडा डिंक. काय रंग यायचा! उन्हाळ्यात भिंत गार, खर्च नाही, कार्ड नाही, नंबर नाही. ताई, चुना मारा.

एक_डबा_कमी
काय सांगलालाव बे काका. इमल्शनवर चुना धरत नाही, पापुद्रे निघतील. त्यांनी काय आता भिंत खरवडायची का रविवारच्या आत?

पेठेतला
खरवडली तर काय बिघडलं? आमच्या वेळी माणसं हाताने खरवडायची.

निशिगंध
कडक_भाकरी, रंग दिवसभर सारखाच पिवळा दिसतो का? हॉलला खिडकी कुठल्या बाजूला? बल्ब कोणते आहेत?

कडक_भाकरी
खिडकी पश्चिमेला, एकच, मोठी. सकाळी आठ-नऊला सगळ्यात वाईट, नारिंगीच म्हणा ना. दुपारी बरा असतो. रात्री परत पिवळा. बल्ब नेहमीचेच. पण माझा प्रश्न बल्बचा नाहीये, दुसरा हात मारू की नको?

पुणे३०_आता_सोलापूर
पश्चिमेची खिडकी म्हटल्यावर विषय संपला. सोलापूरचं ऊन, मावळतीचा पिवळा-तांबूस प्रकाश थेट भिंतीवर. आमच्या विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हेच झालं. जाड पडदे लावा, प्रश्न मिटला.

निशिगंध
पश्चिमेचं ऊन सकाळी आठला कुठून येईल हो? त्यांचा त्रास सकाळचा आहे. नीट वाचा.

पुणे३०_आता_सोलापूर
वाचलंय. मी अनुभवाने सांगतोय. पडदे लावून बघायला काय हरकत आहे?

एक_डबा_कमी
पडदे म्हणजे इथे शेवटी चादरीच. इतक्या वर्षांची आपली सोलापुरी चादर सोडून लोक बाहेरून पडदे मागवतात, त्याचं वाईट वाटतं. माझ्या मावशीने भिंतीवर एक मयूर चादर फ्रेम करून लावलीय, बघणारा आधी तीच विचारतो.

पेठेतला
अस्सल चादर आता मिळते कुठे? माग किती बंद पडले माहीत आहे का? यावर वेगळा धागा व्हायला हवा.

निशिगंध
चादरी नंतर. कडक_भाकरी, खिडकीच्या बाहेर समोर काय आहे?

कडक_भाकरी
शेजाऱ्यांचं घर. त्यांची भिंत. का?

निशिगंध
कोणत्या रंगाची?

कडक_भाकरी
नारिंगी. दिवाळीला दिला त्यांनी, अगदी भडक. मधे जेमतेम बोळ आहे, आठ-दहा फूट.
...अरे देवा.

निशिगंध
सापडलं. त्यांची तुमच्याकडची भिंत पूर्वेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं. तो नारिंगी उजेड परतून तुमच्या खिडकीतून आत येतो. दुपारी ती भिंत सावलीत जाते, म्हणून तुमचा रंग बरा दिसतो. संध्याकाळचं ऊन त्यांचंच घर अडवत असणार, त्यामुळे पडदेवाल्यांचा मुद्दा बाद. रात्रीचा पिवळा हा बल्बांचा. खोक्यावर किती केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलंय? २७०० किंवा ३००० असेल तर पिवळा उजेड. ४००० चे आणा. ६५०० नको, त्यात क्रीमची ऊब मरते आणि माणसं आजारी दिसतात.
शिवाय हॉल अरुंद असेल तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात. बोटभर कार्डावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून चार भिंतींवर रंग नेहमी कार्डापेक्षा गडद वाटतो.

होटगीरोडवाला
+१. फरशीचंही बघा. शहाबादी असेल तर राखाडी-निळसर झाक, क्रीम जरा थंड दिसतो. तांबूस टाइल असेल तर अजून भर.

कडक_भाकरी
टाइल विटकरी आहे. बल्बवर ३००० लिहिलंय. शेड नंबर मिळाला, दुकानदार म्हणाला यात पिवळा जास्तच आहे. मग आता? डबे परत घेत नाही म्हणतोय.

एक_डबा_कमी
मशीनवर शेड बनवली की कुठलाच दुकानदार परत घेत नाही, त्याचं चूक नाही. पेंटरला सांगा दोन थेंब काळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) टाकायला, पिवळेपणा लगेच दबतो. माझा पेंटर असंच करतो.

होटगीरोडवाला
अजिबात नको. थेंब हाताने मोजणार, दुसऱ्या डब्यात थेंब लहान-मोठा झाला की दोन भिंती दोन रंगाच्या. आणि वर्षभराने सोफ्याच्या मागे टचअप करायची वेळ आली तर तो रंग पुन्हा बनवणार कोण?

एक_डबा_कमी
माझ्याकडे तरी कधी फरक दिसला नाही.

होटगीरोडवाला
ट्यूब बंद करून बघत असाल.
ताई, असं करा. फिकट क्रीम पांढऱ्या बेसमध्येच बनतो. त्याच कंपनीच्या त्याच प्रॉडक्टचा, त्याच फिनिशचा प्लेन पांढरा आणा. आधी मगाने मोजून एकास एक मिसळा आणि हार्डबोर्डच्या तुकड्यावर दोन हात मारा. भिंतीवर पॅच नको, आजूबाजूचा पिवळा डोळ्याला फसवतो. तुकडा पूर्ण वाळू द्या, ओला इमल्शन खरा रंग दाखवत नाही. मग खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून सकाळी आठला बघा, रात्री नवीन बल्बखाली बघा. पटला तर सगळे डबे एका पिंपात एकत्र करून त्याच मापाने मिसळा. बाटलीभर टचअपसाठी काढून ठेवा, झाकण घट्ट.
दुसरा हात आहे तसा मारू देऊ नका. पेंटरचं "बसतंय" म्हणजे रोलरचे पट्टे बसतात, पिवळा बसत नाही. उलट पुरता भरल्यावर अजून उठून दिसेल.

निशिगंध
एकास एक करूनही सकाळी नारिंगी वाटला तर खिडकीसमोरची एक भिंत वेगळी करा: राखाडी किंवा किंचित हिरवट झाक असलेला ऑफव्हाइट. कार्डावर तो बेचव वाटेल, नारिंगी उजेडात तोच क्रीम दिसेल. आणि खिडकीला पातळ पांढरा पडदा. जाड नको, हॉलला खिडकीच एक आहे.

पुणे३०_आता_सोलापूर
म्हणजे शेवटी पडदाच ना? मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

वास्तुमित्र
नारिंगी हा अग्नितत्त्वाचा रंग आहे. शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

कडक_भाकरी
शेजाऱ्यांशी बोलणं सध्या पार्किंगवरून बंद आहे, तो सल्ला राहू द्या. पांढरा मागवला. पेंटर तोंड वाकडं करून बसलाय, म्हणतो, "मिक्सिंगचं वेगळं लागेल."

होटगीरोडवाला
मिक्सिंगचं कसलं वेगळं! आणि त्याला भर दुपारी रोलर फिरवू देऊ नका. इथल्या उन्हात भिंत तापलेली असते, रंग फटाफट ओढतो आणि जोड दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर. पातळ करायला पाणीही डब्यावर लिहिलंय तेवढंच.

पेठेतला
पाणी! आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. माणसांना पुरेना, रंगात कुठलं घालता?

एक_डबा_कमी
उजनी धरण भरलं तरी आपली घागर रिकामीच काका.

कडक_भाकरी
अपडेट: तुकडा सकाळी खिडकीसमोर ठेवून पाहिला. पिवळा आहे, पण अंगावर येत नाही. ४००० चे बल्ब लावल्यावर रात्री भिंतसुद्धा बरीच निवळली. सासूबाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि "चालेल" म्हणाल्या, आमच्याकडे ही मोठी दाद आहे. खिडकीसमोरची भिंत निशिगंध म्हणाल्या तशी वेगळी करायची का ते उद्या ठरवते, पेंटरला दोन रंग म्हटलं की ताप येतो. निशिगंध, होटगीरोडवाला, खूप आभार.

निशिगंध
सीलिंगला हा मिसळलेला रंग मारू नका, तिथे प्लेन पांढराच ठेवा. राहिलाच आहे तर वर मारून टाकू, असं पेंटर नक्की म्हणेल.

कडक_भाकरी
म्हणाला! आत्ताच म्हणाला.

सातरस्ता_११
छान धागा, वाचनखूण साठवली. जुळे सोलापुरात पीओपीचं काम करणारं कोणी माहीत आहे का? बजेट कमी आहे.

होटगीरोडवाला
नवीन धागा काढा. आणि खोलीचं माप टाका आधीच.